खेळाडू कुत्र्यांची कसरत आली कुठून, आणि नागपुरात ती अडते कुठे

नागपुरात कुत्रा म्हणजे गेटवर भुंकणारा आणि संध्याकाळी फुटाळ्याकडे फिरवून आणायचा, एवढ्यावर आता भागत नाही. बॉर्डर कॉली, मॅलिनॉय, लॅब्रेडॉर पाळणारी तरुण मंडळी अॅजिलिटी (अडथळ्यांची शर्यत), कंडिशनिंग (खेळासाठी शरीराची तयारी), कोअर (पोट-पाठीचे स्नायू) हे शब्द सहज बोलतात. काही घरांत शेंगेच्या आकाराचा रबरी बॉल, हवा भरलेली गादी आणि बुटक्या अडथळ्यांचा संच असतो. सामान ऑनलाइन येतं, व्यायाम व्हिडिओ बघून होतो. सामानासोबत त्याचा इतिहास येत नाही, आणि नागपूरकराची गाडी अडते ती तिथेच.

कुत्रा खेळासाठी तयार करणं तसं जुनंच. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने १२व्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’ नावाचं कुत्र्यांचं प्रकरणच आहे. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी हाउंड जातीचा जो कुत्रा जोपासला तो शिकारीसाठी. सशामागे रान तुडवणं हाच त्याचा व्यायाम, वेगळी कसरत कोण कशाला करून घेणार! १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची वाट बंद झाली. २००५ साली मुधोळ हाउंड टपाल तिकिटावर झळकला, पुढे लष्करानेही त्याची चाचणी घेतली. पण घरी पाळलेल्या बहुतेक हाउंडना पळायला मोकळं रानच उरलं नाही.

काम जातं आणि शरीर मात्र कामाचंच राहतं, हा पेच युरोपात आधी जाणवला. जर्मनीत माक्स फॉन श्टेफानित्झने १८९९ साली जर्मन शेफर्डची संघटना उभी केली. मेंढ्या राखण्याचं काम कमी होत चाललं होतं, आणि नुसत्या देखणेपणावर जात टिकवायची तर ती पोकळ होईल अशी त्याची धास्ती. म्हणून माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण यांच्या परीक्षा आल्या. त्यातली दमाची परीक्षा आजही घेतात: सायकलीच्या बाजूने ताशी १२ ते १५ किलोमीटर वेगाने २० किलोमीटर दुडकी चाल. मधे विश्रांती, पंजे तपासणी, आणि शेवटी कुत्रा पुरता गळालेला नाही ना याची खात्री. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नाही. नुसता दम मोजायचा. मला ही परीक्षा आजच्या बऱ्याच चकचकीत स्पर्धांपेक्षा प्रामाणिक वाटते.

दुसरा धागा बर्फातला. १९२५च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्प पसरला. कुत्र्यांनी ओढायच्या बर्फावरच्या गाड्यांचे (स्लेजचे) २० गाडीवान आणि सुमारे १५० कुत्र्यांनी हजारभर किलोमीटर अंतर टप्प्याटप्प्याने कापून औषध पोहोचवलं. त्याच वाटांची आठवण ठेवत १९७३ पासून इडिटारॉड ही लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली आणि संशोधकांना आयतीच प्रयोगशाळा मिळाली. शर्यतीत स्लेजचा कुत्रा दिवसाला १०,००० कॅलरीहून अधिक जाळतो आणि ही ताकद तो मुख्यतः चरबीतून काढतो, हे या अभ्यासांतून कळलं. आपल्याकडे कुत्र्याला ‘ताकदीसाठी’ दूध-पोळी, ग्लुकोजची बिस्किटं चारणारे अजून भेटतात. त्यांना हा मुद्दा पटवणं जड जातं.

आज ज्याला आपण डॉग स्पोर्ट म्हणतो तो अॅजिलिटीचा खेळ मात्र चक्क वेळ भरून काढायला जन्मला. १९७८ साली लंडनमध्ये क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात दोन कार्यक्रमांच्या मधे प्रेक्षक कंटाळू नयेत म्हणून जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी घोड्यांच्या अडथळा शर्यतीवरून कुत्र्यांचा खेळ बसवला. लोकांना तो इतका आवडला की दोन वर्षांत ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. गंमत म्हणून सुरू झाल्यामुळे अडथळे किती उंच, वळणं किती तीव्र, याचा कुत्र्याच्या सांध्यांच्या बाजूने विचार नंतर झाला. दोन फळ्या टेकवून केलेल्या चढणीचं टोक पूर्वी १.९ मीटर उंच असे. आंतरराष्ट्रीय नियमांत ते १.७ मीटरवर आलं. नागमोडी पळण्याच्या दांड्यांमधलं अंतर वाढत ६० सेंटीमीटर झालं. १८ महिन्यांखालच्या कुत्र्याला स्पर्धेत उतरवायचं नाही असंही ठरलं. हाडांची टोकं जुळून येण्याआधी उड्या मारायला लावल्या तर त्याची किंमत कुत्रा जन्मभर मोजतो.

या नियमांमागे दुखापती आहेत. स्पर्धक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन झालेल्या सर्वेक्षणांत साधारण तीनातल्या एका कुत्र्याला कधी ना कधी खेळताना दुखापत झालेली आढळली, आणि त्यात खांदा सगळ्यात पुढे. कारण शरीररचनेतच आहे. कुत्र्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, आणि ते पाय धडाला हाडाने जोडलेलेच नसतात. माणसाच्या गळ्याखाली असतं तसं हाड कुत्र्यात नावापुरतं उरलंय. सगळी भिस्त स्नायूंवर. दर उडीनंतर जमिनीचा धक्का हे स्नायूच झेलतात.

म्हणून कंडिशनिंगचा पाया उपचारांत आहे, हे लक्षात ठेवायला हवं. माणसांच्या फिजिओथेरपीतला मोठा बॉल इटलीत १९६३ साली बनला, स्वित्झर्लंडच्या उपचारकांनी तो नावारूपाला आणला, आणि काही दशकांनी तो कुत्र्यांच्या पोटाखाली आला. पाण्यातली ट्रेडमिलही ऑपरेशननंतर सांधा हलता करण्यासाठी. २०१० मध्ये अमेरिकेत क्रीडावैद्यक आणि पुनर्वसन ही पशुवैद्यकाची स्वतंत्र विशेष शाखा मानली गेली. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर ढिगाऱ्यांत शोध घेणाऱ्या कुत्र्यांच्या प्रकृतीचा अनेक वर्षं मागोवा घेणाऱ्या पशुवैद्य सिंथिया ओटो यांनी बरोबर ११ वर्षांनी, त्याच तारखेला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कामाच्या कुत्र्यांचं केंद्र उघडलं. तिथे ताकद, तोल, लवचिकता आणि शरीराचं भान यांचा पायाभूत कार्यक्रम बसवला गेला. दमलेला कुत्रा धापा टाकतो, आणि तोंडाने धापणाऱ्याला नाकाने वास नीट घेता येत नाही. म्हणजे फिटनेस हा नाकाचाही प्रश्न. हिवाळी अधिवेशनात विधानभवनाचा कोपरान् कोपरा हुंगणाऱ्या पोलिसांच्या श्वानपथकाला किंवा २०२३च्या तुर्कस्तान भूकंपात ढिगाऱ्याखालची मुलगी शोधणाऱ्या एनडीआरएफच्या ज्यूली या कुत्रीला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

या कार्यक्रमांतला एक व्यायाम घरच्या पाटावर होतो. कुत्र्याने पुढचे दोन पाय पाटावर ठेवायचे. पनीरचा तुकडा नाकासमोर धरून आपण हळूहळू बाजूला सरकायचं. पुढचे पाय जागीच, मागचे एकेक पाऊल टाकत पाटाभोवती फिरले पाहिजेत. पहिल्या दिवशी बहुतेक कुत्री पाटावरून उतरतात, नाहीतर मधेच बसकण मारतात. आपल्याला मागे दोन पाय आहेत हे त्यांच्या गावीही नसतं. आठवडाभरात मागचा पंजा अंदाज घेत आडवा पडायला लागतो. गुळगुळीत टाइल्सवर हे करून घेऊ नका. मागचे पाय फाकले की मांडीचा स्नायू दुखावतो. खाली योगा मॅट किंवा जाड सतरंजी हवी. महागाचा बॉल त्यानंतर, आणि शक्यतो डॉक्टरांना विचारून.

वजनाबद्दल थोडक्यात. ४८ लॅब्रेडॉरवर जन्मभर चाललेल्या अभ्यासात २५ टक्के कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन-दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांधेदुखी उशिरा सुरू झाली. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. “काही खातच नाही बाप्पा” असं म्हणत चौथी पोळी पुढे करणाऱ्या घरात यावरून भांडण ठरलेलं.

आता उन्हाचं. वरच्या इतिहासातली गावं पुन्हा पाहा: जर्मनी, अलास्का, लंडन, पेनसिल्व्हेनिया. किती मिनिटं वार्म-अप, किती पळवायचं, किती वेळा, ही सगळी कोष्टकं थंड हवेत तयार झाली. कुत्र्याला घाम येतो तो पंज्यांच्या गाद्यांना, तोही नावाला; शरीर थंड करायचं काम धापेचं. शरीराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास, आणि जोरात पळालं की धडधाकट कुत्र्याचंही ४० च्या वर जातं. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या २०१६ सालच्या नोंदी तपासल्या तेव्हा उष्माघाताची तीन-चतुर्थांश प्रकरणं बंद गाडीमुळे नव्हे, व्यायामामुळे निघाली. हे ब्रिटनमध्ये! नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेलेत. (३० मे २०२४चे ५६ अंश मोजू नका, तो यंत्रातला बिघाड होता, शहरात मात्र बऱ्याच जणांना तो आकडा खरा वाटला.) वरून आपले सिमेंटचे रस्ते, जे तापलेले असतात आणि धक्काही जिरवत नाहीत. सेमिनरी हिल्सची मातीची वाट किंवा मोकळं मैदान सांध्यांना कधीही बरं.

जनावराच्या तयारीला ऋतू असतो, ही समज विदर्भाला नवी नाही. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरतात त्या हिवाळ्यात. त्याआधी काही महिने बैलांचा खुराक, मालिश, रोजची चाल ठरलेली. पटाची वकिली करायचा इथे हेतू नाही, त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२३ मध्ये निकाली निघाला. पण भर उन्हाळ्यात बैलाची जोडी दामटायची नसते, हे पटवाल्यांना कळत होतं. मॅलिनॉय घेऊन एप्रिलच्या दुपारी पार्किंगमध्ये बॉल फेकणाऱ्याला ते का कळू नये?

शहरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, २००० पासून राज्याच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही इथेच. उष्ण हवेतल्या कुत्र्यांसाठी व्यायामाचं वेळापत्रक बसवायचं तर नागपूरइतकी योग्य जागा दुसरी नाही. ते होईपर्यंत घरचं कॅलेंडर आपणच उलटं लावायला हवं. ऑक्टोबर हीट ओसरली की दम वाढवायचा, म्हणजे लांब चाल, दुडकी, चढण. डिसेंबर ते फेब्रुवारी उड्या आणि वेग. मार्चपासून वेळ कमी करत न्यायची. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तर पहाटे फिरणं, आणि उरलेला व्यायाम कूलरसमोर पाटावर. रस्ता तापलाय का हे हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघायचं. जुलैत पारा उतरला म्हणून मोकाट सुटायचं नाही. हवेत ओल असली की धापेने उष्णता बाहेर पडत नाही.

आणि एक कसरत हिवाळ्यातच शिकवून ठेवायची. पेनसिल्व्हेनियाच्या केंद्रात पळून आलेल्या कुत्र्यांना वेगवेगळ्या तऱ्हेने थंड करून पाहिलं, तेव्हा स्वतःहून पाण्यात डोकं बुडवणाऱ्यांचं तापमान सगळ्यात लवकर आटोक्यात आलं. पळणं थांबल्यावरही काही मिनिटं ताप चढतच असतो, म्हणून हे लगेच व्हायला हवं. पसरट टोपल्यात बोटभर पाणी, तळाशी आवडीचा तुकडा, आणि रोज पाणी थोडं वाढवायचं. मान धरून डोकं बुडवायचं नाही. कुत्रा लडखडायला लागला, हिरड्या गडद लाल दिसल्या किंवा उलटी झाली, तर मात्र तुकड्याचा खेळ नाही: आधी अंगावर भरपूर पाणी आणि पंखा, मग गाडी काढून दवाखाना. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवायचा नाही, त्याने उष्णता आतच कोंडते.