पार्श्वभूमी : सायमन कमिशनमधले ॲटली

३ फेब्रुवारी १९२८ रोजी भारताच्या राज्यकारभारातल्या सुधारणा तपासायला ब्रिटिश सरकारने नेमलेलं सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरलं ते काळ्या झेंड्यांच्या आणि ‘सायमन, परत जा’च्या गजरात. सातच्या सात सदस्य ब्रिटिश, भारतीय एकही नाही, म्हणून बहिष्कार. त्या सातांत मजूर पक्षाचे दोघे होते. त्यांपैकी एक, पंचेचाळिशीचे अबोल मेजर क्लेमेंट ॲटली, एकोणीस वर्षांनी भारत सोडण्याचा निर्णय जाहीर करणार होते.

ॲटलींचा जन्म १८८३ चा, लंडनमधल्या पटनीचा. घर सुखवस्तू, वडील वकील. शाळा हेलीबरी. याच आवारात पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचं कॉलेज होतं आणि हिंदुस्थानात राज्य करायला येणारे साहेब तिथे घडत. ऑक्सफर्डनंतर ॲटलीही वकील झाले, पण वकिलीत मन रमलं नाही. शाळेने पूर्व लंडनमध्ये गरीब मुलांसाठी चालवलेल्या क्लबात ते १९०५ मध्ये गेले आणि तिथली दैन्यावस्था पाहून १९०८ मध्ये समाजवादी झाले. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला लढले, मेसोपोटेमियात जखमी झाले. १९२२ मध्ये लाइमहाउसमधून खासदार.

कमिशनने त्यांना भारत दाखवला. बहिष्कार असला तरी साक्षी झाल्या. ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही साक्ष दिली. कमिशनचा अहवाल १९३० मध्ये आला. त्यात वसाहतीच्या दर्जाचा, म्हणजे साम्राज्यात राहून मिळणाऱ्या स्वराज्याचा, साधा उल्लेखही नव्हता आणि त्यावर ॲटलींची सही होती. म्हणून त्यांना पहिल्यापासून भारताचे कैवारी ठरवणं चुकीचं. मात्र भारताचा प्रश्न कागदावर वाचलेल्यांपैकी ते नव्हते, आणि पुढे त्याचा उपयोग झाला.

१९३१ च्या निवडणुकीत मजूर पक्ष ५२ जागांवर आला. बडे नेते पडले, ॲटली कसेबसे टिकले आणि १९३५ मध्ये नेते झाले. महायुद्धात चर्चिल यांच्या मंत्रिमंडळात राहून त्यांनी घरचा कारभार सांभाळला. जुलै १९४५ मध्ये निकाल लागला : मजूर पक्ष ३९३ जागा, ॲटली पंतप्रधान. युद्ध जिंकून देणारे चर्चिल विरोधी बाकांवर.

तिजोरी रिकामी होती. अमेरिकेकडून ३.७५ अब्ज डॉलरचं कर्ज घ्यावं लागलं. तशातच ५ जुलै १९४८ पासून सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. इंग्रज माणसाला ॲटली आठवतात ते यासाठी.

आपल्याला आठवायचे ते वेगळ्या कारणाने. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत नौसैनिकांचं बंड सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये कॅबिनेट मिशनची, म्हणजे सत्तांतराची बोलणी करायला भारतात येणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यांच्या शिष्टमंडळाची, घोषणा झाली. ती बंडामुळे झाली असं म्हणण्याचा मोह होतो, पण निर्णय आधीच ठरलेला होता. मिशन फसलं. २० फेब्रुवारी १९४७ रोजी, कडाक्याच्या थंडीत कोळशाच्या टंचाईने ब्रिटन गारठलेलं असताना, ॲटलींनी जाहीर केलं : जून १९४८ पर्यंत सत्ता सोडणार. व्हाइसरॉय वेव्हेल यांना हटवून माउंटबॅटन यांना पाठवलं. मुदत आणखी अलीकडे, ऑगस्टवर आली, आणि रॅडक्लिफ यांनी आखलेली भारत-पाकिस्तान सीमारेषा तर स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी प्रसिद्ध झाली. त्या घाईचा दोष आपण माउंटबॅटन यांच्या माथी मारतो. पण तिला मंजुरी देणारं मंत्रिमंडळ ॲटलींचंच होतं.