फ्रीव्हील की कॅसेट? जुन्या माउंटन बाइकचं मागचं चाक ओळखताना

जुने सुटे भाग जमवून माउंटन बाइक उभी करताना सर्वांत सहज फसगत होते ती मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांत. फ्रीव्हील आणि कॅसेट या दोन्ही प्रकारांत सहा-सात चकत्यांची उतरंड बाहेरून सारखीच दिसते, विकणारे दोन्हींना सर्रास ‘कॅसेट’च म्हणतात. आतली रचना मात्र वेगळी असते, आणि एका प्रकारच्या चकत्या दुसऱ्या प्रकारच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, कधीच बसत नाहीत.

फ्रीव्हीलमध्ये चकत्या आणि त्यांना एकाच दिशेने अडवणारे खटके मिळून एकच गोळा असतो. हबला उजव्या बाजूला सुमारे 35 मिमी व्यासाचे, इंचाला 24 या मापाचे आटे असतात आणि हा गोळा त्यांवर फिरवून बसवतात. कॅसेटमध्ये खटके हबच्याच अंगात असतात. त्या भागाला फ्रीहब म्हणतात. त्याच्यावर उभ्या खाचा असतात, चकत्या त्या खाचांत सरकवायच्या आणि वरून लॉकरिंग (चकत्या जागी धरणारं आट्यांचं कडं) आवळायची. थोडक्यात, कॅसेट म्हणजे नुसत्या चकत्या. टकटक आवाज करणारं यंत्र तिच्यात नसतंच.

ओळखायला चाक फ्रेममधून काढा. ॲक्सलभोवती (हबमधून आरपार जाणाऱ्या दांड्याभोवती) टूल बसण्याच्या खाचा दिसतील. चाक स्थिर धरून चकत्या उलट्या फिरवा. त्या खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर ती कॅसेट, कारण ती लॉकरिंग आहे. खाचा जागीच राहिल्या आणि चकत्याच फिरल्या तर फ्रीव्हील. विक्रेता फक्त फोटो पाठवत असेल, तर हे करतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ मागून घ्या. सर्वांत लहान चकतीचे दातेही मोजा. 11 दात्यांची चकती बहुधा कॅसेटवर असते, फ्रीव्हील सहसा 13 किंवा 14 पासून सुरू होतं.

हा फरक एवढा महत्त्वाचा आहे तो ॲक्सलमुळे. फ्रीव्हील हबमध्ये उजवं बेअरिंग हबच्या अंगात, फ्रीव्हीलच्या मागे असतं. त्यामुळे तिथून फ्रेमपर्यंत ॲक्सलचा लांब तुकडा आधाराशिवाय उरतो. चकत्या वाढल्या की हा तुकडा आणखी लांबतो. खडकाळ उतारावर स्वाराचं वजन मागच्या चाकावर आदळतं तेव्हा ॲक्सल नेमका तिथे वाकतो, कधी तुटतोही. फ्रीहबमध्ये उजवं बेअरिंग पार बाहेरच्या टोकाला असतं, म्हणून ॲक्सलला शेवटपर्यंत आधार मिळतो. शिमानो या जपानी कंपनीने 1978 च्या सुमारास ही रचना बाजारात आणली आणि माउंटन बाइकला ती मानवली ती याचसाठी. फ्रीव्हीलचं जुनं चाक घेताना ॲक्सल बोटांनी सावकाश फिरवा आणि त्याच्या टोकाकडे बघा. टोक एका जागी फिरण्याऐवजी छोटं वर्तुळ काढत असेल तर ॲक्सल वाकलेला आहे. तो ठोकून सरळ करण्यात अर्थ नाही, बदलावाच लागतो.

काढण्याची पद्धतही वेगळी. कॅसेटला चेन व्हिप (चेनचा तुकडा जोडलेला दांडा) लागते. ती चकत्यांना धरून ठेवते आणि टूलने लॉकरिंग डावीकडे फिरवायची. सुटताना करकर आवाज येतो, तो लॉकरिंगच्या दातऱ्यांचा असतो, काही तुटलेलं नसतं. परत आवळताना चेन व्हिप लागत नाही, खटकेच अडवतात. 40 न्यूटन मीटर ताण द्यायचा.

फ्रीव्हीलला चेन व्हिपचा उपयोग नाही. इथे सगळी झुंज आट्यांशी असते. पेडल मारणाऱ्याच्या प्रत्येक जोरानं ते आणखी घट्ट होत जातं, त्यामुळे अनेक वर्षं न काढलेलं फ्रीव्हील चांगलंच चिकटलेलं असतं. आट्यांत भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा. टूल खाचांत नीट बसवून ॲक्सलच्या नटने किंवा क्विक रिलीजने (चाक झटपट सोडवणाऱ्या लिव्हरच्या दांड्याने) हलकं दाबून धरा, नाहीतर ते निसटून खाचा चाटतं. सनटूर कंपनीच्या दोन खाचांच्या जुन्या फ्रीव्हीलवर हा धोका सर्वांत जास्त. मग टूल व्हाइसमध्ये उभं पकडा, चाक त्यावर आडवं ठेवा आणि रिम दोन्ही हातांनी धरून स्टिअरिंगसारखी डावीकडे फिरवा. पहिला झटका सुटला की लगेच नट सैल करा, नाहीतर सुटत येणारं फ्रीव्हील नटला जाऊन भिडतं. एक गोष्ट कधीही करू नका: फ्रीव्हील काढण्याआधी आरे सोडवू नका. रिम हाच तुमचा लांब दांडा आहे. तो गेला की नुसत्या हबवरून फ्रीव्हील काढणं जवळपास अशक्य होतं.

टूल घेतानाही जपून. शिमानो पद्धतीच्या फ्रीव्हीलचं आणि कॅसेट लॉकरिंगचं टूल, दोन्ही बारा खाचांची आणि दिसायला भावंडं. फ्रीव्हीलचं किंचित लहान असतं. एकाचं काम दुसऱ्यावर रेटू नये.

आता निवड कुठली करायची? ॲक्सल सरळ असेल, फ्रीव्हील गुळगुळीत फिरत असेल आणि बाइक साध्या रस्त्यावरच चालणार असेल तर आहे तेच ठेवा. नवं 7 स्पीड (सात चकत्यांचं) फ्रीव्हील आट्यांना ग्रीस लावून, आधी हातानेच बसवा. सुरुवातीला आडवं गेलं तर ॲल्युमिनियमचे आटे कायमचे जातात.

डोंगरात जायचं असेल तर फ्रीहबचं अख्खं चाक शोधा. आट्यांच्या हबला फ्रीहब लावता येत नाही. फ्रेममध्ये मागचं चाक बसतं तिथलं अंतर आधी मोजा. ऐंशीच्या दशकाअखेरच्या अनेक माउंटन बाइकवर ते 130 मिमी असतं, नंतर 135 मिमी रूढ झालं. स्टीलच्या फ्रेमला पाच मिलिमीटरचा फरक झेपतो, ॲल्युमिनियमची फ्रेम ताणू नका.

फ्रीहबच्या लांबीतही फरक आहे. 7 स्पीडचा फ्रीहब 8, 9 स्पीडच्या फ्रीहबपेक्षा साधारण 4.5 मिमी आखूड. आखूड फ्रीहबवर 8 किंवा 9 स्पीडची कॅसेट घातली तर लॉकरिंगला आटे सापडत नाहीत. उलट मात्र जमतं: 8-9 स्पीडच्या फ्रीहबवर 7 स्पीडची कॅसेट बसवायची आणि सर्वांत मोठ्या चकतीच्या मागे, आऱ्यांच्या बाजूला, 4.5 मिमीचा स्पेसर (जागा भरून काढणारं कडं) टाकायचा. शिमानो पद्धतीच्या 7 स्पीड फ्रीव्हीलमध्ये आणि 7 स्पीड कॅसेटमध्ये चकत्यांमधलं अंतर सारखंच, 5 मिमी असतं. म्हणून बाइकवर असलेले 7 स्पीडचे शिमानो शिफ्टर (गिअर बदलायच्या कळा) तसेच चालतात, फक्त डिरेलरचे (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचे) मर्यादा-स्क्रू आणि केबलचा ताण नव्याने जुळवावा लागतो. ऐंशीच्या दशकातला युनिग्लाइड (शिमानोच्या जुन्या पद्धतीचा) फ्रीहब मिळाला तर तो सोडून द्या. त्यावर एरवीची कॅसेट बसत नाही आणि त्याच्या चकत्या सापडणं कठीण.

चाक कुठलंही निवडा, जुन्या चकत्यांवर नवी चेन चढवण्याआधी जुनी मोजून घ्या. नव्या चेनच्या 24 कड्या 304.8 मिमी भरतात. जुनीची तेवढीच लांबी 307 मिमीच्या पुढे गेली असेल तर चकत्यांचे दातेही झिजलेले असण्याची शक्यता मोठी, आणि चढावर जोर देताच नवी चेन लहान चकत्यांवरून घसरेल.