तबलजीचं बोट आणि डॉक्टरचा कान

छाती ठोकून तपासताना डाव्या हाताचं मधलं बोट रुग्णाच्या छातीवर घट्ट टेकवायचं, बाकीची बोटं उचलून धरायची आणि उजव्या हाताच्या वाकवलेल्या मधल्या बोटाने त्या टेकवलेल्या बोटाच्या मधल्या पेरावर दोनदा ठोका द्यायचा. हात मनगटातून हलला पाहिजे, कोपरातून नव्हे. ठोका पडताक्षणी ठोकणारं बोट उचललं गेलं पाहिजे. ते टेकून राहिलं की नाद दबतो, खुल्या बोलाचा बंद बोल होतो. तबल्यावर ‘ना’ घोटलेल्या विद्यार्थ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. नवशिके आणखी एक चूक करतात, ती म्हणजे आवाज येत नाही म्हणून जोर वाढवणं. जोरकस ठोक्याचं कंपन दूरवर पसरतं आणि फुप्फुस कुठे संपलं, यकृत कुठे सुरू झालं ही सीमा पुसट होते.

ही तपासणी एका संगीतप्रेमी डॉक्टरनेच दिली. व्हिएन्नाचे लिओपोल्ड आउएनब्रुगर हे सराईवाल्याचे चिरंजीव. निरोगी छाती जाड कापडाने झाकलेल्या ढोलासारखी वाजते, असं त्यांनी 1761 सालच्या आपल्या लॅटिन पुस्तकात लिहिलं. पुढे 1781 साली संगीतकार सालिएरी यांच्या एका संगीतिकेची संहिताही त्यांनीच लिहिली. वैद्यकविश्वाने मात्र त्यांच्याकडे जवळजवळ अर्धं शतक पाठ फिरवली. नेपोलियनचे डॉक्टर कॉर्व्हिसार यांनी 1808 साली त्या पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर केलं, तेव्हा कुठे ठोकून तपासण्याची पद्धत रुजली. हवा भरलेलं फुप्फुस घुमतं, न्यूमोनियाने घट्ट झालेलं ठस वाजतं, छातीत पाणी साचलं की दगडावर ठोकल्यासारखा मेलेला आवाज येतो आणि फुप्फुसाबाहेर हवा कोंडली असेल तर घुमारा नको इतका वाढतो.

स्टेथोस्कोपचे जनक रने लाएनेक बासरी वाजवत. 1816 साली त्यांनी कागदाची सुरळी करून हृदय ऐकलं, मग स्वतः लेथवर लाकडाच्या पोकळ नळ्या कातल्या. कानाची तपासणी करायचा 512 हर्ट्झचा आणि पायातली कंपनाची जाणीव पाहायचा 128 हर्ट्झचा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, हीही वादकाचीच देणगी. 1711 साली लंडनच्या जॉन शोर या ट्रम्पेटवादकाने तो बनवला.

पण इतिहासापेक्षा रोजच्या कामात वादनाचा उपयोग जास्त आहे, आणि तो सर्वांत स्पष्ट दिसतो तो लयीत. मिनिटाला 72 ठोके पडत असतील तर एक आवर्तन साधारण 0.83 सेकंदाचं. त्यात हृदयाच्या दोन आवाजांपैकी ‘लब’ ते ‘डब’ हे अंतर सुमारे 0.3 सेकंद आणि ‘डब’ ते पुढचा ‘लब’ हे त्याहून मोठं. या लहानमोठ्या अंतरांवरूनच मर्मर, म्हणजे या दोन आवाजांमध्ये ऐकू येणारा जादा आवाज, हृदयाच्या आकुंचनातली की प्रसरणातली हे ठरतं. नाडी 120 वर गेली की मोठं अंतर आक्रसतं, दोन्ही जवळजवळ सारखी होतात आणि सम कुठली तेच कळेनासं होतं. तेव्हा मानेतल्या नाडीवर हलकं बोट ठेवावं. ती ज्या आवाजाबरोबर उसळते तो ‘लब’. दोन्ही बाजूंच्या नाड्या एकाच वेळी दाबू नयेत.

ठोका चुकतो तेव्हा लयीचा सराव फार कामाला येतो. हृदयाच्या खालच्या कप्प्यातून एखादा ठोका वेळेआधीच पडला, तर त्यानंतर लांब विराम येतो. पण मूळ लय देणारी गाठ बहुधा आपल्या गतीने चालूच असते, म्हणून पुढचा नेहमीचा ठोका नेमका मूळ मात्रेवर येतो. तबलजी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, घेऊन समेवर यावा तसा. पायाने लय धरून ठेवली असेल तर हे सहज कळतं. वरच्या कप्प्यातून आलेला अवेळी ठोका बहुधा ती गाठच नव्याने सुरू करतो, त्यामुळे पुढची मात्रा आधीच्या हिशेबात बसत नाही. आणि एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे वरचे कप्पे नुसतेच थरथरतात तेव्हा, धरायला लयच नसते. मात्रा मोजायला जावं आणि प्रत्येक वेळी फसावं, हीच त्याची खूण. अखेरचा निर्णय ईसीजीचाच, पण ईसीजी कोणाचा काढायचा हे आधी कानाला कळलं पाहिजे.

डग्ग्यावर मनगटाचा दाब वाढवला की चामडं ताणलं जातं आणि स्वर चढतो. स्टेथोस्कोपच्या बेलचं, म्हणजे छातीला टेकवायच्या वाटीसारख्या बाजूचं, तसंच आहे. हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली मिट्रल झडप अरुंद झाल्याची मर्मर खर्जातली, घरघरणारी असते. ती ऐकायला बेल त्वचेला जेमतेम टेकवावी, रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावं. बेल दाबली की खालची त्वचाच ताणून डायफ्रॅम, म्हणजे स्टेथोस्कोपच्या दुसऱ्या बाजूच्या सपाट पडद्यासारखी, बनते आणि खर्ज गळून जातो. महाधमनीची झडप गळत असेल तर येणारा आवाज उलट चढा, फुंकरीसारखा असतो. तिथे डायफ्रॅम घट्ट दाबावा, रुग्णाला पुढे वाकवून श्वास सोडून थांबायला सांगावं.

नुसता वाद्याचा छंद असला म्हणून मर्मर आपोआप ओळखू येते, असं समजू नये. कानाला तोच आवाज पुन्हापुन्हा ऐकावा लागतो. फिलाडेल्फियात वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना एकेक मर्मर 500 वेळा ऐकवली, तेव्हा त्यांची ओळख स्पष्टपणे सुधारली. हे पलट्यांचंच, म्हणजे तेच पुन्हापुन्हा घोटण्याचं, गणित आहे. वादक डॉक्टरला याचा कंटाळा येत नाही, कारण एका बोलाला किती दिवस द्यावे लागतात हे त्याने अनुभवलेलं असतं.

बासरी किंवा गायन घेणाऱ्याला वेगळा लाभ होतो. लांब स्वर धरताना श्वास सोडणं लांबतं. मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास घेतले की रक्तदाब सावरणारी यंत्रणा जोमाने काम करते आणि नाडी श्वासाबरोबर हलकेच खालीवर होते. रात्रपाळीनंतर झोपण्याआधी वीस मिनिटं मंद्र सप्तकात आलाप वाजवायला हरकत नाही. द्रुत गत मात्र त्या वेळी नको, तिने झोप उडते.

शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी वाद्य निवडताना हाताचा विचार करावा. सतारीच्या तारेने डाव्या तर्जनीला खाच पडते, ती चिरली की जंतूंना घर मिळतं आणि हात धुण्याच्या अल्कोहोलने आग होते. नखीऐवजी नख वाढवून वाजवायच्या गिटारीचं तर ग्लोव्ह्जशी जमतच नाही. तबल्याने बोटांच्या टोकांना घट्टे पडतात, तिथे भेग पडू नये म्हणून रात्री खोबरेल तेल लावावं. मनगट दुखलं तर रियाज निम्मा करावा, वेदना रेटून वाजवू नये.

आणि कान जपावेत. 85 डेसिबलला 8 तास ही कामाच्या ठिकाणची मर्यादा मानतात, दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे 94 डेसिबलला एकच तास. ढोलताशाच्या सरावाला जाणाऱ्या डॉक्टरांनी इअरप्लग घालूनच उभं राहावं. गोंगाटाने आधी 3000 ते 6000 हर्ट्झचे स्वर जातात. हृदयाचे आवाज त्याहून बरेच खालचे असल्याने स्टेथोस्कोपला सुरुवातीला काही जाणवत नाही. आधी कळतं ते रुग्णाच्या बोलण्यातलं ‘स’ आणि ‘श’ पुसट होणं.