रंगवस्तू

नाटकाच्या प्रयोगात नट ज्या वस्तू हाताळतात, उचलतात, एकमेकांना देतात, लपवतात, फोडतात किंवा खातात-पितात, त्या सर्वांना रंगवस्तू म्हणतात. तलवार, पत्र, चष्मा, कंदील, चहाचा कप, टेलिफोन, पानाचा डबा अशी ही यादी नाटकागणिक बदलते. मराठी नाट्यव्यवसायात मात्र रंगमंचामागे ‘प्रॉपर्टी’ हाच शब्द रूढ आहे, आणि तालमीच्या जागी ‘रंगवस्तू आणा’ असे कोणी म्हटले तर बहुधा हशाच पिकेल.

रंगवस्तू, नेपथ्य आणि वेशभूषा यांच्या सीमा काटेकोर नाहीत. दिवाणखान्यातली खुर्ची जोवर जागेवर आहे तोवर ती नेपथ्याचा भाग असते. एखाद्या पात्राने ती भांडणात उचलून डोक्यावर धरली की ती रंगवस्तू होते. कमरेची तलवार म्यानात असेपर्यंत वेशभूषाकाराची आणि उपसल्यावर प्रॉपर्टीवाल्याची, असाच काहीसा हिशेब असतो. म्हणजे वस्तू कोणत्या वर्गात पडेल हे तिच्या जातीवरून ठरत नाही, तिच्याशी नट काय करतो यावरून ठरते.

भरताच्या नाट्यशास्त्रात हा विषय आहार्य अभिनयाखाली, म्हणजे वेश, रंगभूषा, वस्तू अशा बाह्य साधनांनी साधायच्या अभिनयाखाली येतो. तेथे आहार्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे चार प्रकार सांगितले असून कृत्रिम रीतीने तयार केलेल्या वस्तूंचा समावेश पुस्तात होतो. रंगमंचावर प्राण्यांचा प्रवेश हा संजीवाचा विषय. शस्त्रे खरी व जड नसावीत, हलक्या द्रव्यांची बनवावीत, आणि त्यांनी प्रत्यक्ष वार न करता केवळ खूण करावी, असे ग्रंथकार सांगतो. त्यामागची दृष्टी पूर्णपणे व्यावहारिक आहे: ओझ्याने थकलेल्या नटाकडून अभिनय होत नाही.

संस्कृत नाटकांत वस्तूंची एक लक्षणीय विभागणी दिसते. शाकुंतलातला दुष्यंत रथातून येतो तो रथ, शकुंतला झाडांना पाणी घालते ते शिंपण, या गोष्टी नटाने अभिनयातून दाखवायच्या असतात. अशा ठिकाणी रंगसूचनेत ‘नाट्येन’ किंवा ‘रूपयति’ यांसारखे शब्द येतात. परंतु दुष्यंताची अंगठी मात्र प्रेक्षकाला दिसावी लागते, कारण सगळे कथानक तिच्यावर टांगलेले आहे. ‘मुद्राराक्षस’ (मुद्रा म्हणजे शिक्क्याची अंगठी) आणि ‘मृच्छकटिक’ (म्हणजे मातीची गाडी) या नाटकांची तर नावेच रंगवस्तूंवरून पडली आहेत. मृच्छकटिकात वसंतसेना चारुदत्ताच्या मुलाच्या मातीच्या गाडीत आपले दागिने घालते. तेच दागिने पुढे न्यायालयात मैत्रेयाच्या अंगावरून झटापटीत खाली पडतात आणि चारुदत्ताविरुद्धचा पुरावा ठरतात. लळ्याची खूण म्हणून दिलेली वस्तू अशी वधस्थानापर्यंत नेते, आणि त्यासाठी कवीला एका ओळीचेही स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यातील लोकनाट्यांनी वस्तूंचा वापर फारच काटकसरीने केला. दक्षिण कोकणातील दशावतारात रंगमंचावर बहुधा एक बाकडे असते. राजा बसला की ते सिंहासन होते, आणि प्रसंग बदलला की दुसरे काहीही. खऱ्याखुऱ्या वाटाव्यात अशा वस्तूंचा भर युद्धाच्या प्रसंगावर, म्हणजे तलवारींवर असतो. तमाशातल्या गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवतो तेव्हाही सारे काम हातवारे, ठेका आणि शब्द यांच्यावर भागते. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, त्या परंपरेतल्या खेळांत सुरुवातीला सरस्वती मोरावर बसून नाचत येत असे. हा मोर वाहन, वेशभूषा आणि रंगवस्तू असे तिन्ही होता.

वास्तवदर्शी नाटक आले तेव्हा चित्र पालटले. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. रंगवलेल्या पडद्यांऐवजी तीन भिंतींची खोली उभी राहिली, आणि खोली आली की तिच्यात राहणाऱ्यांचे सामानही आले. पुढील कित्येक दशके मध्यमवर्गीय दिवाणखाना हे मराठी नाटकाचे हमखास स्थळ झाले. याचा एक तोटा असा, की शोभेच्या वस्तूंनी भरलेल्या रंगमंचावर अर्थाची वस्तू हरवून जाते. फुलदाणी, कॅलेंडर आणि फोटो यांच्या गर्दीत नायिकेच्या हातातले पत्र प्रेक्षकाच्या नजरेत भरत नाही.

ज्या नाटककारांनी वस्तू मोजक्या ठेवल्या त्यांच्याकडे त्या बोलक्या झाल्या. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकात (प्रथम प्रयोग १९१९) शीर्षकातली वस्तूच दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराच्या ऱ्हासाची मोजपट्टी आहे. प्याला तोच राहतो. तो धरणारा हात बदलत जातो, आणि हे बदलणे दाखवणे हीच सुधाकर करणाऱ्या नटाची खरी परीक्षा असते.

विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) हे या दृष्टीने अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. नाटक सुरू होते तेच सभागृहाच्या दाराच्या कडीवरून: प्रयोगासाठी गावात आलेल्या हौशी नाटकमंडळीतल्या बेणारेचे बोट तिच्यात चेमटले आहे आणि गावातला सामंत ती कशी सरकवावी हे सांगतो आहे. प्रेक्षक हा संवाद पाहुण्यांच्या गप्पा म्हणून ऐकून सोडून देतो. खेळ म्हणून मांडलेला खटला अंगावर येऊ लागल्यावर बेणारे निघून जाऊ पाहते तेव्हा दार उघडत नाही, आणि मग ती कडी आठवते. तिसऱ्या अंकात बेणारेने ओठांपाशी नेलेली ढेकणाच्या औषधाची बाटली मंडळीतला कर्णिक उडवून लावतो. सामंताने पुतण्यासाठी घेतलेला हिरव्या कापडाचा पोपट सुरुवातीला केवळ त्याच्या साधेपणाची खूण असतो. शेवटी सगळे निघून गेल्यावर तो हा पोपट निपचित पडलेल्या बेणारेच्या शेजारी ठेवतो, आणि चिमणी व पोपट यांचे बेणारेचे गाणे ऐकू येते. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या खेळण्यावर अख्ख्या नाटकाचा शेवट तोलून धरलेला आहे. प्रयोग बसवताना हा पोपट फार मोठा किंवा फार देखणा घेतला तर प्रसंग भावविवश होतो, म्हणून त्याची निवड वाटते तितकी किरकोळ नाही.

याच्या उलट टोकाला वस्तू जवळजवळ नाकारणारी नाटके आहेत. ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकात माणसांची रांगच भिंत होते. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात पन्नासहून अधिक पात्रे एकट्याने उभी केली. एकांकिका स्पर्धांतील नवे रंगकर्मीही पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे असल्याने याच वाटेने जातात, आणि एक काठी कधी वल्हे, कधी बंदूक, कधी कुबडी होते.

रंगवस्तूंची व्यवस्था हे पडद्यामागचे स्वतंत्र काम आहे. प्रत्येक प्रवेशात कोणती वस्तू कोणत्या बाजूच्या विंगेत, कोणाच्या हाती हवी याची यादी केलेली असते. पडदा उघडण्यापूर्वी आणि मध्यंतरात ती पुन्हा ताडून पाहतात. दौऱ्यावर हे सामान पत्र्याच्या ट्रंकांतून बसच्या टपावर किंवा डिकीत जाते. वस्तू खरी असण्यापेक्षा खरी दिसणे महत्त्वाचे असल्याने व्हिस्कीच्या जागी कोरा चहा चालतो, मुकुट पुठ्ठ्याचा असतो, दगड थर्मोकोलचा असतो. मात्र वजनाची फसवणूक प्रेक्षक चटकन पकडतो. गावी निघालेल्या माणसाने रिकामी सुटकेस दोन बोटांनी उचलली की दहाव्या रांगेतूनही ते कळते, म्हणून तिच्यात जुनी वर्तमानपत्रे कोंबतात. रिकाम्या कपाने चहा पिणाऱ्या नटाचे मनगटही असेच चुगली करते. टेलिफोनची घंटा ध्वनिसंयोजक वाजवतो आणि रिसीव्हर नट उचलतो. दोघांचा मेळ चुकला तर नट ‘हॅलो’ म्हणाल्यावरही घंटा वाजतच राहते आणि गंभीर प्रवेश हशात बुडतो.

काही वस्तू वर्षानुवर्षे त्याच चालतात, काही प्रत्येक प्रयोगाला नव्या लागतात. खाण्याचे पदार्थ, फुले, उदबत्त्या आणि फुटायचे कप ही या दुसऱ्या प्रकारातली नेहमीची खरेदी. नाटकात पत्र फाडण्याचा प्रसंग असेल तर त्याच मजकुराच्या पत्रांचा एक गठ्ठाच आधी लिहून ठेवावा लागतो.