पाझर तलाव वेगळा, कागदाचं शेततळं वेगळं

दर उन्हाळ्यात एक फोटो फिरतो. ड्रोनवरून काढलेला, निळंशार शेततळं, बाजूला हिरवीगार द्राक्षबाग आणि खाली "जलसंधारणाची किमया". पाणी अडवायची जुनी पद्धत आणि नवीन प्लॅस्टिक, मोटर, ड्रिप यांची सांगड कशी घालावी याचं उदाहरण म्हणून लोक तो पाठवतात. त्या तळ्यात पाणी आलं कुठून हे मात्र कोणीच विचारत नाही, आणि मला याचाच खरा त्रास होतो.

शेततळं सगळ्यांनी बघितलंय. 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल, आत 500 मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद, भोवती तारेचं कुंपण, साधारण 22 लाख लिटर पाणी. पाझर तलाव म्हणजे नाल्याला आडवा मातीचा बांध घालून केलेला तलाव, 1972 च्या दुष्काळी कामांवर राज्यात असे कितीतरी झाले. एक खाजगी एक गावाचा, एकाला कागद एकाला नाही, खर्च वेगळा, गाळाची कटकट वेगळी, हे फरक ज्याला त्याला माहिती आहेत, त्यात वेळ घालवत नाही.

गोंधळ होतो तो पाण्याच्या प्रवासात. पाझर तलावात शिवारातून वाहून आलेलं पावसाचं पाणी थांबतं आणि हळूहळू जमिनीत उतरतं, मग खालच्या अंगाच्या विहिरींना जानेवारी-फेब्रुवारीत पाणी टिकतं. कागदाच्या बऱ्याच तळ्यांत बरोबर उलटं चालतं, म्हणजे विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी मोटरीने उपसून वर आणायचं आणि उघड्यावर साठवून ठेवायचं. जमिनीत एक थेंब वाढत नाही, होतं ते कमीच. गावाच्या सामाईक रांजणातून आपली कळशी भरून घेण्यासारखं आहे हे, आणि याला आपण संधारण म्हणतो!

आपल्याकडचा खडक बघा ना. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर आहे, त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. साठा मुळातच थोडा आणि तो एका सातबाऱ्यापुरता नसतो, भेगा बांध ओळखत नाहीत. वरच्या शेतात दोन-चार तळी भरली की खालच्या विहिरी लवकर तळ गाठतात, मग ते लोक बोअर मारतात, 200 फुटांवर लागलं नाही की अजून खाली जातात, आणि त्यातला कोणीतरी परत तळंच मागतो कारण आता बोअर दिवसात तासभरच चालतं.

वर उन्हाचा हिशोब वेगळाच. उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर वाफ धरा, कोरड्या भागात याच्यापेक्षा जास्त होते. काठोकाठ भरलेल्या 900 चौरस मीटरच्या तळ्यातून दिवसाला 7,200 लिटर जातात. पातळी उतरली की आकडा थोडा कमी होतो पण फेब्रुवारी ते मे धरलं तर लाखो लिटर होतात. जमिनीत होतं तेव्हा या पाण्याला ऊन लागत नव्हतं, आपणच वीज जाळून ते उन्हात आणून ठेवलं. पाझर तलावावरही वाफ होतेच, पण उन्हाळा लागेपर्यंत तिथलं बरंचसं पाणी मुरलेलं असतं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "पावसाळ्यात विहीर तुडुंब असते, नाहीतरी वाहूनच जाणार". वाहून जातं म्हणजे कुठे जातं? खालच्या ओढ्यात, खालच्या विहिरीत. दिवाळीनंतरही ओढा वाहत असतो तो याच पाण्यावर. शेतकऱ्याला मी दोष देत नाही, लाखो रुपये घातलेली बाग डोळ्यासमोर वाळताना कोण बघत बसेल, पण एकट्याची बाग वाचवणं आणि गावाचं पाणी वाढवणं या दोन गोष्टी सरकारी अहवालात एकाच रकान्यात मोजायच्या नाहीत.

ओळखायचं कसं, तर काठावर उभं राहून बघा. ज्या तळ्यात वाहतं पाणी घ्यायचंय त्याला उताराकडून आत येणारी वाट असते, तिच्या तोंडाशी गाळ अडवायला छोटा खड्डा आणि जास्तीचं पाणी जायला सांडवा. उलट चारही बाजूंनी पुरुषभर उंच भराव आणि वरून आत सोडलेला काळा पाइप दिसला तर त्यात ओढ्याचं पाणी येणार कुठून? पाणी काय चढ चढत नाही.

अजून एक डोक्यात जाणारी मागणी म्हणजे "आमच्या पाझर तलावात पाणी टिकत नाही, त्याला कागद टाकून द्या". अरे, डिसेंबरात तो आटला आणि खालच्या विहिरी भरलेल्या असल्या तर त्याचं काम झालं! गाळ बसून पाझर बंद झालेला तलाव मार्चपर्यंत भरलेला दिसतो आणि लोक त्याचं कौतुक करतात. त्याचा गाळ काढा.

कागदाला माझा विरोध नाही. तळ्यात ओहळाचं पाणी घेतलं, खाली मुरूम आहे म्हणून कागद घातला, आणि पावसाने ओढ दिली की ड्रिपने एक-दोन पाणी दिली, तर ही सांगड मला मनापासून पटते. सोलर पंपाची मात्र धास्ती वाटते, बिल येत नाही म्हटल्यावर सूर्य मावळेपर्यंत उपसा चालू. हिवरे बाजारने आधी चर खणून, बांध घालून पाणी मुरवलं, शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी नको म्हणून ठरवलं आणि दर वर्षी पाऊस मोजून पिकं ठरवायला लागले. माझ्या मते अनुदानाचा क्रमही तसाच लावावा, आधी पाझर तलावाचा गाळ, मग ड्रिप, आणि कागदाचे पैसे कृषी सहायकाने पाणी आत येण्याची वाट जागेवर जाऊन बघितल्यावरच.