स्वित्झर्लंडमधील हिवाळी सुटी

स्वित्झर्लंडमधील हिवाळी सुटी : डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत आल्प्समधील गावांत मुक्काम करून ऊन, हिम आणि हिमक्रीडा यांचा आनंद घेण्याची प्रथा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परदेशी पाहुणे येथे उन्हाळ्यातच येत. सेंट मॉरिट्झचे हॉटेलमालक योहानेस बाद्रुट यांनी १८६४ मध्ये काही इंग्रज पाहुण्यांना हिवाळ्यात येण्याचे आव्हान दिले आणि ऊन आवडले नाही तर प्रवासखर्च आपण देऊ, अशी पैज लावली, अशी आख्यायिका आहे. त्याच दशकात दावोस येथे डॉ. अलेक्झांडर श्पेंगलर क्षयरोग्यांना डोंगरावरच्या कोरड्या थंड हवेत ठेवून उपचार करू लागले. पुढे स्की, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून हिमावरून घसरण्याचा खेळ, रुजले. इंग्रज स्कीपटू आर्नल्ड लन यांनी १९२२ मध्ये म्युरेन येथे आधुनिक स्लालम (रोवलेल्या काठ्यांमधून वळणे घेत उतरण्याची) शर्यत घडवून आणली. १९२८ व १९४८ ची हिवाळी ऑलिंपिक सेंट मॉरिट्झला झाली.

मात्र ही सुटी म्हणजे केवळ स्की, हा समज सोडून द्यावा. तिचा खरा आधार रेल्वे आहे. हिवाळ्यात झुरिक, बर्न ही सखल भागातील शहरे अनेकदा आठवडाभर दाट धुक्याखाली असतात. गार हवा खाली साचून राहते आणि डोंगरमाथ्यावर मात्र लख्ख ऊन असते. मग रविवारी घरेच्या घरे आगगाडीने धुक्याच्या वर जातात. म्युरेन, वेंगेन, त्सेरमाट या गावांत पर्यटकांच्या मोटारींना प्रवेशच नाही. तेथे बहुतेक जण रेल्वेने किंवा रोपवेने पोहोचतात.

बेर्ग्यून आणि प्रेदा या गावांमधला आनंद तर कोणालाही घेता येतो. आल्बुला खिंडीचा रस्ता हिवाळ्यात वाहनांना बंद करून त्याची सुमारे ६ किमी लांबीची घसरगाडीची वाट करतात. भाड्याने लाकडी घसरगाडी घ्यायची, तांबड्या रेल्वेने प्रेदाला चढायचे आणि जवळजवळ ४०० मीटर खाली बेर्ग्यूनपर्यंत घसरत यायचे. वेग पायांनीच आवरावा लागतो, म्हणून टाचा रुतवता येतील असे भक्कम बूट हवेत. १९०३ मध्ये सुरू झालेला हा लोहमार्ग चढ सोसण्यासाठी बोगद्यांतून आणि पुलांवरून एवढे वळसे घेतो, की तेवढ्याच दोन गावांसाठी गाडीला जवळजवळ दुप्पट अंतर पडते. २००८ पासून तो जागतिक वारशात आहे, आणि तो पाहायला याहून चांगली जागा नाही.

चालणाऱ्यांसाठी दाबून सपाट केलेल्या हिमवाटा असतात; त्यांच्या पाट्या गुलाबी असतात. स्कीच्या उतारांना निळा (सोपा), तांबडा (मध्यम) व काळा (अवघड) असे रंग दिलेले आहेत. नवशिक्याने निळ्यावरही आधी प्रशिक्षकाकडे शिकावे. रात्रीच्या जेवणात फोंड्यू किंवा राक्लेत, म्हणजे वितळवलेले चीज; त्यासोबत पाव किंवा उकडलेले बटाटे.

मराठी सहली बहुधा शाळांच्या उन्हाळी सुटीत, एप्रिल-मेमध्ये जातात आणि युंगफ्राउयोख या रेल्वेने गाठता येणाऱ्या हिमाच्छादित खिंडीत (३,४५४ मी.) तासाभरात हिम पाहून उतरतात. ते सुंदरच आहे. पण जानेवारी-फेब्रुवारीत एकाच गावात चार दिवस राहिल्याने जे मिळते, ते त्यात मिळत नाही. फेब्रुवारीत स्विस शाळांनाही सुटी असल्याने खोल्या आधीच राखून ठेवाव्या लागतात.

हवामानबदलामुळे कमी उंचीवरच्या गावांत हिम बेभरवशाचे झाले असून अनेक ठिकाणी यंत्राने हिम तयार करून पसरावे लागते. हिमस्खलनाचा धोका १ ते ५ अशा श्रेणींत दावोसच्या संशोधनसंस्थेकडून हिवाळाभर जाहीर होतो. श्रेणी ३ चा अर्थ ‘मध्यम’ नसून ‘लक्षणीय’ असा आहे, आणि आखलेल्या उतारांबाहेर जाणाऱ्यांचे बळी याच श्रेणीच्या दिवसांत मोठ्या संख्येने जातात.