स्कूल बोर्डाला उभं राहायला शिक्षक असावं लागतं?

कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींच्या गप्पांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: शहराच्या स्कूल बोर्डाची, म्हणजे तिथल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची, निवडणूक लढवायची तर शिक्षक हवं, निदान मूल तरी सरकारी शाळेत हवं. दोन्ही चूक.

राज्याच्या शिक्षण कायद्याला हवंय एवढंच: वय किमान 18, त्याच शाळा-जिल्ह्यात (त्या बोर्डाच्या शाळांच्या हद्दीत) वास्तव्य, मतदार यादीत नाव आणि कायद्याने अपात्र ठरवलेलं नसणं. पदवीची अट नाही, मुलाबाळांची नाही. गंमत म्हणजे त्याच शाळा-जिल्ह्यात नोकरी करणारा शिक्षक निवडून आला, तर नोकरीचा राजीनामा दिल्याशिवाय त्याला शपथच घेता येत नाही. साहजिक आहे, स्वतःचा पगार ठरवणाऱ्या खुर्चीत स्वतःच कसं बसणार?

खरी अडचण वेगळीच. मतदार यादीत यायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डावर उमेदवारी नाही.

सॅन फ्रान्सिस्कोमुळे इथे गोंधळ होतो. तिथे 2016 च्या सार्वमतानंतर नागरिक नसलेल्या पालकांनाही स्कूल बोर्डासाठी मतदान करता येतं, 2018 पासून ते करतातही. पण तो हक्क फक्त मत देण्याचा, शिवाय शहरात राहणाऱ्या, 19 वर्षांखालील मुलाच्या पालकांपुरता. नागरिकत्वाचा अर्ज केलेल्यांनी मत देण्याआधीही वकिलाला विचारलेलं बरं.

आणि मानधन? सॅन फ्रान्सिस्कोत सात सदस्य, प्रत्येकाला महिन्याला 500 डॉलर. त्या शहराच्या घरभाड्यापुढे हा आकडा वाचूनच अर्धे इच्छुक गळतील.